मदतीचा चेक घरात आल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

मंदी आली की बरीच सरकारं एक उपाय हमखास करतात. लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकतात. लोक खर्च करतील, दुकानं चालतील, नोकरकपात थांबेल, असा त्यामागचा हिशेब असतो. काही महिने उलटले की टीकाही ठरलेली. लोकांनी पैसे खर्चलेच नाहीत, बँकेत ठेवले, नाहीतर जुनी देणी भागवली. मग सरकारने तिजोरीत हात घातला कशाला? आज या टीकेबद्दलच बोलायचं आहे. ती करणाऱ्यांनी ओढाताणीच्या घरातला महिनाअखेरीचा हिशेब नीट पाहिलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथे हा प्रयोग पुन्हापुन्हा झाला आणि त्याची मोजदादही बारकाईने झाली. १९७५ साली भरलेल्या करातले जास्तीत जास्त २०० डॉलर परत मिळाले. २००१ साली एकट्या करदात्याला ३०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली, २००८ साली ६०० डॉलरपर्यंत. मग कोविड आला. मार्च २०२० च्या कायद्याने प्रत्येक प्रौढाला १,२०० आणि मुलामागे ५०० डॉलर दिले. त्याच वर्षी डिसेंबरात ६०० आणि मार्च २०२१ मध्ये १,४०० डॉलर मंजूर झाले. ठरावीक उत्पन्नाच्या वर ही रक्कम कमी होत जायची.

यातलं २००८ चं वाटप मला फार मोलाचं वाटतं. सगळ्यांना एकाच दिवशी पैसे देणं शक्य नव्हतं, म्हणून सरकारने क्रम लावला तो सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या, म्हणजे तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाच्या, शेवटच्या दोन आकड्यांवरून. आता हे दोन आकडे कुणाचे काय आहेत, याचा त्या माणसाच्या पगाराशी, स्वभावाशी, काटकसरीशी काडीचा संबंध नाही. म्हणजे एका घरी पैसे मे महिन्यात पोहोचले आणि अगदी तशाच दुसऱ्या घरी जुलैत, तर तो निव्वळ योगायोग. अर्थशास्त्रज्ञांना आयतीच तुलना मिळाली. ज्यांच्या हातात पैसा पडला त्यांचा खर्च त्या तिमाहीत किती वाढला, हे ज्यांना तो अजून मिळायचा होता त्यांच्याशी ताडून पाहता आलं. जोनाथन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की पैसे आल्यानंतरच्या तीन महिन्यांत रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवांवर त्यातले १२ ते ३० टक्के गेले. टिकाऊ वस्तू धरल्या तर आकडा ५० ते ९० टक्क्यांवर पोहोचत होता. पुढे नव्या पद्धतींनी हिशेब करणाऱ्यांनी तो बराच खाली आणला. मात्र त्या टिकाऊ वस्तूंत मोठा वाटा गाड्यांचा होता, हे लक्षात घ्या. एवढ्याशा पैशात गाडी येत नाही, पण सुरुवातीला भरायच्या रकमेला त्याचा हातभार नक्की लागतो.

जुना सिद्धांत काय सांगतो? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडलं, की माणूस खर्च ठरवतो तो कायमच्या उत्पन्नाकडे पाहून. एकदाच मिळालेली रक्कम तो मुख्यतः राखून ठेवतो. पोटापाण्याची चिंता नसलेल्या घरात हे बऱ्याच अंशी खरंही ठरतं. पण हातावर पोट असलेल्या घराला आयुष्यभराच्या उत्पन्नाची सरासरी काढत बसता येत नाही. तिथे येत्या गुरुवारी विजेचं बिल भरायचं असतं.

आता कोविडच्या काळात या. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेने, लोकांना विचारलं, की पहिल्या मदतीचं काय केलंत? सरासरी काढली तर साधारण २९ टक्के खर्चले, ३६ टक्के बचतीत गेले आणि ३५ टक्के कर्जफेडीत. खर्चातलाही निम्म्याहून जास्त भाग गरजेच्या वस्तूंचा होता. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डांची एकूण थकबाकी ७६ अब्ज डॉलरने उतरली. तो उतार विक्रमी होता. दुकानं बंद म्हणून खरेदी घटली, हे त्याचं एक कारण खरंच, पण बऱ्याच घरांनी जुनी देणीही भागवली.

ही कर्जफेड टीकाकारांच्या लेखी वाया गेलेला पैसा. मला ते अजिबात पटत नाही. कार्डावरची थकबाकी फेडली की पुढच्या महिन्यापासून व्याज वाचतं, आणि व्याजाचे ते पैसे घरात राहतात. थकलेलं भाडं दिलं की घर सोडायची वेळ टळते. एकदा घर सुटलं की नवीन अनामत, सामानाची ने-आण, मुलांची शाळा बदलणं असा किती खर्च अंगावर येतो, ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. शिवाय कर्जाखाली दबलेलं कुटुंब मंदी ओसरल्यावरही हात आखडूनच असतं. त्याचं ओझं आज हलकं झालं तर उद्या ते लवकर बाजारात येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मदतीमुळे खर्च वाढला का, असं विचारताना तुलना कशाशी करायची? समजा, एका बाईची नोकरी गेली, पगार बंद झाला, मदत आली आणि घरात किराणा पहिल्याएवढाच भरला गेला. वरवर पाहिलं तर खर्च वाढलेला नाही. पण मदत नसती तर तो निम्म्यावर आला असता! न झालेली घट कुठल्याही पावतीवर दिसत नाही. तिची दखल न घेता योजना फसली म्हणणं हा त्या घरावर अन्याय आहे.

मग एक घर लगेच खर्च करतं आणि दुसरं करत नाही, हे ठरतं कशावर? उधळेपणावर किंवा शहाणपणावर नव्हे, असं अभ्यास सांगतात. पैसा येतो त्या दिवशी खात्यात आधीपासून काय शिल्लक आहे, यावर ते मुख्यतः ठरतं. २०२० मध्ये बँक खात्यांच्या नोंदी तपासणाऱ्यांना आढळलं, की ज्यांच्या खात्यात खडखडाट होता त्यांनी पहिल्या काही दिवसांतच मोठा भाग खर्चला, तोही अन्न, भाडं आणि बिलांवर. गंगाजळी असलेल्यांच्या खर्चात जवळपास फरक पडला नाही. आणि यात फक्त गरीबच येतात असं समजू नका. स्वतःचं घर आहे, निवृत्तीसाठी पैसे साठवलेत, पण सगळं अडकलेलं, हाताशी रोकड नाही, अशी मध्यमवर्गीय कुटुंबंही पुष्कळ असतात. तीही अशा वेळी तंगीतल्या घरासारखीच वागतात.

जानेवारी २०२१ मध्ये ६०० डॉलर वाटले गेले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डांवरच्या खर्चाचे आकडे तपासले. वर्षाला ४६,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या घरांचा खर्च ७.९ टक्क्यांनी वाढला होता. ७८,००० च्या वरच्या घरांचा वाढला जेमतेम ०.२ टक्के. सरसकट सगळ्यांना देण्यापेक्षा गरजेप्रमाणे द्यावं, याला यापेक्षा जास्त पुरावा काय हवा?

पैसा कोणत्या वाटेने येतो, यानेही फरक पडतो. २००९ मध्ये अमेरिकेने एकरकमी चेक न देता पगारातून होणारी करकपात थोडी कमी केली. दर पगाराला चार पैसे जास्त. सर्वेक्षणात २५ टक्के घरं म्हणाली, की २००८ च्या एकरकमी पैशामुळे आमचा खर्च वाढला. पगारातल्या या वाढीबद्दल तसं म्हणणारी घरं १३ टक्केच होती. जपानने १९९९ मध्ये वेगळी वाट धरली. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना मुलामागे २०,००० येनची खरेदीची कुपनं दिली, मुदत सहा महिन्यांची. कुपन खर्चावंच लागतं, हे खरं. पण एरवी रोखीने घ्यायची वस्तू कुपनावर घेतली आणि वाचलेली रोकड खात्यात टाकली, तर कोण अडवणार?

महागाईचा मुद्दा निघतोच. २०२१ मधल्या मोठ्या वाटपाने मागणी वाढली आणि भाव चढायला तिचाही हातभार लागला, हे मान्य करायला हवं. पुरवठ्याच्या अडचणी आणि पुढे युक्रेनचं युद्ध हीही कारणं होतीच. माझ्या मते कोविडमधल्या या तिसऱ्या वाटपात बचत असलेल्यांना इतकं द्यायची गरज नव्हती.

सगळ्यात जास्त मला खटकली ती वेगळीच गोष्ट. २०२० च्या मदतीत सुमारे चाळीस लाख लोकांना चेकऐवजी डेबिट कार्डं गेली. साध्या पाकिटात, वर ओळखीचं सरकारी नाव नाही. जाहिरातीचं टपाल समजून काहींनी ती फेकून दिली. त्याहून वाईट म्हणजे, कोर्टाचा हुकूम असलेल्या खासगी सावकारांनी खात्यात पडलेली ती रक्कम जप्त करू नये, अशी तरतूद त्या पहिल्या कायद्यात नव्हती. काही राज्यांनी आपापले आदेश काढून ती जप्ती थांबवली. डिसेंबरच्या कायद्यात संरक्षण आलं आणि मार्च २०२१ च्या कायद्यात पुन्हा गळलं. पोराबाळांच्या जेवणासाठी आलेला पैसा घरच्यांनी पाहण्याआधीच दुसऱ्याने उचलावा, हे कुठल्याही मंदीत घडता कामा नये. ज्या देशात असा कायदा नव्याने लिहिला जाईल, तिथे रक्कम किती द्यायची याच्या आधी ती जप्त होणार नाही हे कलम लिहावं. आणि ज्यांचं बँकेत खातं नाही, कराच्या यादीत नाव नाही, त्यांच्यापर्यंत पैसा कसा पोहोचवायचा, याची तयारी बरे दिवस असतानाच करून ठेवावी. मंदी आल्यावर त्या याद्या करायला घेतल्या, तर पैसा पोहोचेपर्यंत भाडं तीन महिने थकलेलं असतं.

नमस्कार.