एका कार्डावर एकच मुद्दा

(पडद्यावर : टेबलावर गच्च भरलेलं एक कार्ड)

भाषणाचा विषय, काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन. वेळ, सात मिनिटं. टिपणाच्या या कार्डावर सगळंच कोंबलंय : डिसेंबर १९३६, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची. आता खेड्याचा मुद्दा सुरुवातीला हवाय आणि सजावटीचा मधे. कार्ड एकच, हलवणार काय? याची चार कार्डं करावी लागतील.

२२ × २८ इंचांच्या एका कार्डशीटमधून ५ × ३ ची निदान पस्तीस कार्डं निघतात. वहीचा कागद नको, पंख्याखाली फडफडतो.

(कार्ड जवळून)

डावीकडे वर मुद्द्याचं नाव : ‘खेड्यातलं पहिलं’. उजवीकडे पुस्तक, लेखक, आवृत्तीचं साल, पान. हे आधी, मजकूर नंतर. उलटं केलं की पान क्रमांक हमखास राहतो, आणि एका ओळीसाठी अख्खं पुस्तक पुन्हा चाळायची पाळी येते. नुसतं ‘इंटरनेट’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

लेखकाचेच शब्द उतरवले तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे द्या, गाळलेल्या जागी तीन टिंबं. स्वतःचं मत असेल तर कोपऱ्यात ‘मा.’, म्हणजे ‘माझं’. नाहीतर पंधरा दिवसांनी सगळं एकाच अक्षरातलं दिसतं, आणि दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून बोललं जातं.

जुन्या नोंदीत फैजपूरचा जिल्हा ‘पूर्व खानदेश’ असेल तर तेच लिहा. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. ‘आजचा जळगाव’ ही आपली भर, ती कंसात. गावात कुणी तिथल्या लेवा बोलीत ऐकीव आठवण सांगितली तर ती तशीच्या तशी टिपा, अर्थ खाली. लगेच प्रमाण मराठीत आणली की धार जाते. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीखही हवी.

ही कार्डं व्यासपीठावर न्यायची नाहीत. त्यांतले आठ-दहा मुद्दे निवडून नवी कार्डं करायची : ठळक अक्षरात पाच-सहा शब्द, पूर्ण वाक्य फक्त अवतरणाला. वाक्यं लिहिली की मान खाली जाते आणि भाषणाचं वाचन होतं.

लिहायला बॉलपेन. खानदेशातल्या एप्रिलात तळहाताच्या घामानं शाई पसरते. मागची बाजू कोरी. क्रमांक आधी पेन्सिलीनं, सरावात क्रम पक्का झाला की पेनानं. कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवा, कारण कार्डं निसटतात ती नेमकी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणताना.