एक टेबल, दोन इनबॉक्स

भोसरी एमआयडीसी, सकाळचे साडेनऊ. खाली शेडमध्ये सीएनसी मशीन सुरू झालेत आणि वर पोटमाळ्यावरच्या ऑफिसात डिस्पॅच बघणाऱ्या ताईंनी कॉम्प्युटर लावलाय. चहा यायच्या आत त्यांना दोन इनबॉक्स बघायचे असतात, एक आपल्या कंपनीचा, आणि दुसरा ज्यांना पार्ट जातात त्या मोठ्या कंपनीनं दिलेल्या आयडीचा, ज्यावर शेड्यूल येतं, ड्रॉइंग बदललं की ते येतं, आणि माल रिजेक्ट झाला तर ती बोंबही तिथंच येते.

ताईंचं म्हणणं एवढंच, की दोन्ही एकाच आउटलुकमध्ये दिसू द्या की.

इथला आयटीवाला म्हणजे खरं तर पर्चेसमधलाच एक दादा, ज्याला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं. तो आधी शेअर्ड मेलबॉक्सच्या, म्हणजे एकच इनबॉक्स अनेकांना उघडू देण्याच्या सोयीच्या, मागे लागला. दोन्हीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५च आहे, मग अडतंय कुठं? तर तिथं प्रत्येक कंपनीचं घर वेगळं, त्याला टेनंट म्हणतात, आणि शेअर्ड मेलबॉक्सची परवानगी त्याच घरातल्या माणसाला मिळते. आपल्या सोसायटीच्या चेअरमनला कितीही मस्का लावा, समोरच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली तो कुठून देणार? टीम्समध्ये गेस्ट म्हणून घेतलं तरी चॅट आणि फाइली दिसतात, मेलबॉक्स नाही.

मग आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचे मेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बघायची जुनी पद्धत. पोर्ट ९९३, सर्व्हर, पासवर्ड, सगळं बरोबर, तरी आत घेईना. नुसत्या पासवर्डवर आत सोडणं मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणलं, आता लॉगिनचं पान त्यांचंच उघडतं, मोबाइलवर अप्रूव्ह करावं लागतं, तेव्हा कुठं आउटलुकला टोकन, म्हणजे आत शिरायचा पास, मिळतं.

फॉरवर्डिंग लावलं तर मेल परत, ५.७.५२० असा एरर घेऊन. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल पाठवणं डिफॉल्टलाच बंद असतं, आणि ते बरंच आहे, कारण कुणाचा आयडी हॅक झाला की चोर पहिल्यांदा हेच सेटिंग लावतो.

शेवटी दादानं सरळ आउटलुकमध्येच दुसरं अकाउंट अ‍ॅड केलं. हे चालतं बरं का, एका आउटलुकमध्ये दोन कंपन्यांची अकाउंट खुशाल राहतात. पण लॉगिन करताना मध्येच एक खिडकी येते, संस्थेला हे डिव्हाइस मॅनेज करू द्यायचं का, असं विचारणारी, आणि टिक आधीच लावलेली असते. घाईत ओके दाबलं तर मशीन समोरच्यांकडे रजिस्टर होतं, आणि त्यांचं सेटिंग तसं असेल तर कंट्रोलही त्यांच्याकडे जाऊ शकतो. पगार आपला मालक देतो, कॉम्प्युटर त्याचा, आणि रिमोट भलत्याच्याच हातात! दादानं टिक काढली, 'फक्त याच अ‍ॅपपुरतं' निवडलं.

आणि तरीही दार बंदच. समोरच्यांची अट, त्यांनी मॅनेज केलेल्या मशीनवरच आउटलुक उघडेल, बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये बघा.

म्हणून आता ताईंच्या ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल आहेत, आपलं निळं, त्यांचं हिरवं. हिरव्यात ड्रॉइंग दिसतं, पण डाउनलोड होत नाही, सिक्युरिटी. मग ताई जिन्यातून हाक मारतात, मशीनवरचा पोरगा हात पुसत वर येतो, आणि स्क्रीनवरची मापं वहीत उतरवून घेऊन जातो.