मुकुट देणारा राजा

(दृश्य: राव्हेन्ना, सान व्हिताले चर्च. कॅमेरा जमिनीवरून वेदीमागच्या अर्धघुमटाकडे चढतो.)

इटलीतलं राव्हेन्ना शहर. सान व्हिताले चर्चचा अर्पणविधी 547 मध्ये झाला. वेदीमागच्या अर्धघुमटात तेव्हापासून हा राजा, येशू ख्रिस्त, बसलेला आहे.

चेहरा तरुण, दाढी नाही. अंगावर जांभळं वस्त्र, आसन म्हणून निळा विश्वगोल, पायाखालून नंदनवनाच्या चार नद्या वाहतायत. डाव्या हातात सात शिक्क्यांची गुंडाळी. उजव्या हातात मुकुट. आता नीट बघा, हा मुकुट त्यानं स्वतः घातलेला नाही. हात लांब करून तो व्हितालिस या हुतात्म्याला देतोय, आणि व्हितालिस वस्त्रानं झाकलेले हात पुढे करून तो घेतोय. ख्रिस्ताचं राजेपण म्हणजे काय, यावर पुढे ग्रंथांचे ढीग लिहिले गेले. आम्हाला ते या एका हातात दिसलं.

(दृश्य: मोझेइकचे तुकडे, अगदी जवळून.)

हे सोनं रंगवलेलं नाही. काचेवर सोन्याचा वर्ख लावायचा, त्यावर काचेचा आणखी एक पातळ थर द्यायचा, मग त्या तावदानाचे नखाएवढे तुकडे करायचे. भिंतीला ओला चुना लावून, तो सुकण्याआत एकेक तुकडा बसवत जायचं. तुकडे मुद्दामच सपाट बसवत नाहीत, थोडे तिरपे ठेवतात. म्हणून तुम्ही चालता तशी भिंत चमकते, विझते, पुन्हा चमकते. दिव्याच्या ज्योतीत तर सगळा घुमट हलतोय असं वाटतं.

(दृश्य: बाजूच्या भिंतीवर सम्राट जस्टिनियन आणि त्याचा लवाजमा.)

खालच्या भिंतीवर पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन उभा आहे. त्याच्याही अंगावर जांभळंच. हा रंग राजघराण्याचा, कारण तो समुद्रातल्या गोगलगायींपासून मिळायचा. 1909 मध्ये एका रसायनशास्त्रज्ञानं 12,000 गोगलगायी वापरल्या, तेव्हा त्याच्या हाती 1.4 ग्रॅम रंग लागला. एवढ्या किमतीचा झगा घातलेला, डोक्यावर रत्नजडित मुकुट असलेला सम्राट इथे काय करतोय? प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी सोन्याचं ताट घेऊन वेदीकडे निघालाय. ज्यानं हे चित्र योजलं त्याला सम्राटाची जागा पक्की ठाऊक होती.

(दृश्य: शुभवर्तमानाचं हस्तलिखित, पानं उलटतायत.)

हाच जांभळा रंग मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, येतो. रोमी शिपाई येशूला जांभळं वस्त्र घालतात, काट्यांचा मुकुट गुंफून डोक्यावर ठेवतात, गुडघे टेकून मुजरा करतात. त्यांच्या लेखी ती टवाळी होती. ख्रिस्ती श्रद्धा मात्र म्हणते की राज्याभिषेक तिथेच झाला. दुसरा शुभवर्तमानकार योहान तर रोमी सुभेदार पिलातानं क्रूसावर लावलेली पाटीही नोंदवून ठेवतो: ‘नासोरी येशू, यहुद्यांचा राजा’. इब्री, लॅटिन आणि ग्रीक, तिन्ही भाषांत. मुख्य याजक म्हणाले, पाटी बदला. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. त्याआधी त्यानं कैद्याला विचारलं होतं, तू राजा आहेस काय? उत्तर मिळालं, माझं राज्य या जगाचं नाही. या वाक्याचा अर्थ पुष्कळ जण असा लावतात की हे राज्य म्हणजे मेल्यानंतरची गोष्ट. तसं असतं तर येशूनं शिष्यांना ‘तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ अशी प्रार्थना शिकवली नसती. हे राज्य पृथ्वीसाठीच आहे. फक्त तलवारीनं येत नाही.

मुळात इस्राएलला राजा नव्हताच. लोकांनी शमुवेल संदेष्ट्याकडे हट्ट धरला, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. तेव्हा देव शमुवेलाला म्हणाला, त्यांनी तुला नाही, मला नाकारलंय. मी त्यांच्यावर राज्य करू नये असं त्यांना वाटतंय. मग शमुवेलानं लोकांना राजा काय काय करील ते ऐकवलं. मुलगे रथांपुढे धाववील, मुली स्वयंपाकाला नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल. तरी लोक म्हणाले, राजा हवाच. दैवी राजेपणाची कल्पना पवित्र शास्त्रात अशी येते, सिंहासनावर बसलेल्या माणसाला मर्यादा घालत.

(दृश्य: तुर्कस्तानातलं इझमिर, प्राचीन स्मर्नाचे अवशेष.)

स्मर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प. दुसऱ्या शतकात त्याला मैदानात उभं करून सांगितलं गेलं, कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, शपथ घे, ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो. तो म्हणाला, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही. मला तारणाऱ्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू?

त्याला जाळण्यात आलं.

पुढे राजांनीच हा राजा आपल्या बाजूला ओढला. आमची सत्ता देवाची, आम्हाला जाब विचारू नका, असं शतकानुशतकं सांगितलं गेलं. त्याची किंमत प्रजेनं मोजली.

(दृश्य: लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, 6 मे 2023.)

तरी विधीमध्ये मूळ अर्थ टिकून राहतो. ब्रिटनचे राजे चार्ल्स तिसरे राज्याभिषेकासाठी आत येतात, तेव्हा एक लहान मुलगा राजाधिराजाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, नावानं त्यांचं स्वागत करतो. ते उत्तर देतात, त्याच्या नावानं आणि त्याच्या उदाहरणाप्रमाणे मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आलो आहे. मग भरजरी झगा उतरतो, अंगावर साधा पांढरा सदरा राहतो. तेलाचा अभिषेक पडद्याआड झाला, तो कोणत्याच कॅमेऱ्यानं टिपलेला नाही. नंतर हातात सोन्याचा गोल दिला जातो. गोल म्हणजे जग, आणि त्याच्या माथ्यावर क्रूस.

(दृश्य: मेक्सिको, ग्वानाख्वातोजवळचा कुबिलेते डोंगर. सूर्योदय.)

पहिल्या महायुद्धानं जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशियाची सम्राटपदं संपवली होती. इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. अशा वेळी, 11 डिसेंबर 1925 रोजी, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण जाहीर केला. राष्ट्र आणि नेता हेच सर्वस्व मानण्याच्या त्या काळात हा सण म्हणजे सरळ सरळ नकार होता.

मेक्सिकोत तो नकार रस्त्यावर आला. सरकारनं चर्चवर कडक निर्बंध घातले, शेतकरी ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ म्हणत उठले. 23 नोव्हेंबर 1927 रोजी येशूसंघ या कॅथलिक संघाचे धर्मगुरू मिगेल प्रो यांना खटला न चालवता गोळ्या घालण्यात आल्या. हे छायाचित्र त्याच क्षणाचं. दोन्ही हात क्रूसासारखे पसरलेले. युद्धात दोन्ही बाजूंची हजारो माणसं गेली. 1929 मध्ये समझोता झाला.

या डोंगरावरचं आधीचं स्मारक 1928 मध्ये सुरुंगानं उडवलं होतं. आजचा पुतळा 20 मीटर उंच आहे. त्याच्या पायाशी दोन देवदूत आहेत. एकाच्या हातात राजमुकुट, दुसऱ्याच्या हातात काट्यांचा. शिल्पकारानं दोन्ही पुढे केलेत.

(दृश्य: वेगवेगळ्या देशांतली चर्च, वाचनाची चौकट.)

1970 पासून कॅथलिक पंचांगात हा सण उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी येतो आणि त्या दिवशीची वाचनं तीन वर्षांनी फिरतात. एका वर्षी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. दुसऱ्या वर्षी पिलातापुढची चौकशी. तिसऱ्या वर्षी शेजारच्या क्रूसावरचा गुन्हेगार त्याच्या राज्यात जागा मागतो, आणि त्याला ती त्याच दिवशी मिळते.