शॅमेलिऑनची तहान

श्रोतेहो, नमस्कार. झाडाझुडपांत डुलत डुलत पाऊल टाकणारा घोयरा सरडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हा आपला भारतीय शॅमेलिऑन. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे, तेव्हा रानातून उचलून तो घरी आणणं हा गुन्हाच. आज बोलायचं आहे त्याच्या येमेनी भाऊबंदाबद्दल, डोक्यावर उंच तुरा मिरवणाऱ्या वेल्ड शॅमेलिऑनबद्दल. अमेरिकेत आणि युरोपात पिंजऱ्यातच जन्मलेली त्याची पिल्लं विकत मिळतात, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांपैकी कुणी तो पाळतही असेल. भारतात परदेशी प्राणी पाळायचा तर आधी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे 2024 चे नियम वाचा.

पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवलेली असेल, तर ती काढून टाका. साचलेलं पाणी हे पिण्याचं पाणी आहे, हे या सरड्याला सहसा उमगत नाही. त्याला कळतो तो पानावर चमकणारा, ओघळणारा थेंब. भरल्या वाटीच्या शेजारी बसून तो सुकत जातो आणि आपण समजतो, पाणी तर ठेवलंय!

येमेनच्या डोंगरउतारांवर दिवस कोरडा असतो, पण रात्री गारवा येतो, धुकं उतरतं, दव पडतं. पिंजऱ्यातही तेच घडवायचं: रात्र गार आणि ओली, दिवस उबदार आणि कोरडा. दिवसा आर्द्रता 30 ते 50 टक्के पुरे. रात्री ती 80 च्या वर जाऊ द्या, मात्र तापमान 20 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच. दिवसभर फवारत राहून पिंजरा चिंब ठेवणारे लोक प्रेमापोटीच ते करतात, पण उबदार, ओली, कोंदट हवा म्हणजे जंतूंची पेरणी. त्यातून छातीचा संसर्ग होतो. सरडा तोंड उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेऊ लागतो, नाकातोंडाशी बुडबुडे येतात.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. 18 अंशांच्या हवेत आर्द्रता 90 टक्के असेल आणि तीच हवा 28 अंशांपर्यंत तापली, तर आकडा 49 च्या आसपास येतो. पाणी तेवढंच, आकडा जवळजवळ निम्मा. म्हणून दिव्याखालचा कमी आकडा पाहून घाबरून फवारा उचलू नका. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, डिजिटल घ्या आणि त्याचा सेन्सर सरडा झोपतो त्या फांदीजवळ बांधा, दिव्याजवळ नको.

आता दिनक्रम. दिवे सकाळी 7 ला लागत असतील, तर 6:50 ला पूर्ण 2 मिनिटं बारीक फवारा द्या. 10-15 सेकंदांनी भागत नाही. पाणी अंगावर पडताच तो आधी आक्रसतो, डोळे मिटतो. मग मिटल्या पापणीआड बुबुळ फुगवून गोल फिरवतो, डोळे धुतो. त्यानंतर कुठे तो सावकाश पानाकडे वळून थेंब चाटायला लागतो. 2 लिटरचा हातपंप यासाठी चालतो, फक्त त्यात कधीही कीटकनाशक भरलेलं नसावं. दुपारी ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबानं पाणी सोडणारं साधन, लावा: सेकंदाला साधारण 1 थेंब, 15 ते 20 मिनिटं, मनी प्लांटच्या रुंद पानावर पडेल असा. खाली बादली किंवा ट्रे हवाच, नाहीतर तळाशी पाणी साचून कुजकट वास सुटतो. संध्याकाळपर्यंत सगळं खडखडीत वाळलेलं पाहिजे. सतत ओल्या फांदीवर बसून पायांना संसर्ग होतो.

फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, रात्री 1 ते 5, टायमरवर, अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या पाण्यातले क्षार धुक्यावाटे थेट फुप्फुसात जातात. टाकी आणि नळी दर आठवड्याला धुवा. आतून बोटाला बुळबुळीत लागलं, तर धुवायला आधीच उशीर झालाय. खोली रात्री 20 अंशांच्या खाली उतरतच नसेल, तर फॉगर बंदच ठेवा. जिवंत झाडं आणि पहाटेचा फवारा यांवर भागवा.

थंड देशांत हिवाळ्यात हीटिंगमुळे खोलीची हवा फार कोरडी पडते, आणि चारही बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यात ओल टिकत नाही. मागची आणि दोन्ही कडांची जाळी प्लास्टिकच्या शीटनं झाका. समोरची आणि वरची मोकळी ठेवा, हवा खेळली पाहिजे. आत मनी प्लांट, जास्वंद, फायकस दाटीनं लावा. पानं ओल धरतात. वेल्ड शॅमेलिऑन पानं खातोही, म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड नीट धुऊन, माती बदलून मगच आत जाऊ द्या.

पाणी पुरतंय का, हे विष्ठा सांगते. काळपट भागासोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या मूत्राचा, गोळा पांढरा असावा. टोकाला थोडी पिवळी छटा चालेल. सगळाच नारिंगी आणि चुरचुरीत झाला, तर ड्रिपरची वेळ दुप्पट करा आणि त्याला खायला द्यायच्या किड्यांना आदल्या दिवशी काकडी, गाजर, हिरवा पाला खाऊ घाला. सिरिंजनं तोंडात पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोळे खोल गेले असतील किंवा दिवसाही मिटलेले असतील, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. सोबत ताजी विष्ठा डबीत घ्या, आणि आठवडाभराचे रात्रीचे तापमान आणि आर्द्रतेचे आकडे लिहून न्या.