पाव वाटीपासून

(लघु माहितीपटाचं निवेदन. ठाणे)

(दृश्य: जांभळी नाका, सकाळची मंडई)

मेथीच्या जुड्या, गावठी पालक, कोवळा दुधी. निळ्या ओढणीतल्या ताई भाव करताहेत. पिशव्या पूर्वीइतक्याच भरतात, घरात खाणारी चार माणसं आहेत. बदललंय ते फक्त यांचं स्वतःचं ताट.

पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. दुर्बिणीतून होणाऱ्या या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच काढून टाकतात. उरते केळ्याएवढी अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तो भागच गेल्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते.

ऑपरेशन आम्ही चित्रित केलेलं नाही. आम्हाला बघायचं होतं हे स्वयंपाकघर.

(दृश्य: ओटा, गाळणी, मिक्सर, चहाचा चमचा)

पहिले दोन आठवडे सगळं पातळ. मुगाचं गाळलेलं पाणी, साय काढलेलं दूध, ताक. तेही घोट घोट, दिवसभर. मग मिक्सरमधून फिरवलेलं वरण, घोटलेला दुधी. त्यानंतर मऊ अंडाभुर्जी, कुस्करलेलं पनीर. पोळीची पाळी सगळ्यात शेवटी, दीड-दोन महिन्यांनी. नीट न चावलेला पोळीचा घास छातीत अडकतो आणि उलटून पडतो.

बघा, वाटी तीच आहे, आमटीची. आधी पाव भरायची, आता अर्धी. चमचा चहाचा. एक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. आणि जेवताना पाणी नाही! ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवणाऱ्या घरात हेच सगळ्यात जड गेलं. पाणी प्यायचं ते जेवणानंतर अर्ध्या तासाने. सासूबाई सुरुवातीला हळहळायच्या, "अगं, एवढ्यावर कसं भागणार?" आता भांडं उचलून ठेवतात त्याच.

आपलं ताट पोळी-भाताभोवती मांडलेलं असतं, प्रथिनं तोंडी लावण्यापुरती. ऑपरेशननंतर हा क्रम उलटा करावा लागतो. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं हवीत आणि ती मावायची एवढ्याशा जागेत. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात फार तर तेवढीच. शंभर ग्रॅम बांगड्यात मात्र वीसच्या आसपास, म्हणून आठवड्यातून दोनदा ही कढई. आधी मासा, मग भाजी, पोट राहिलं तर चतकोर पोळी. सुरुवातीच्या आठवड्यांत प्रोटीन पावडर लागतेच, पण ती कायमची जेवणाच्या जागी बसवायची गरज नाही. ठाण्याच्या बाजारात काय कमी आहे?

चतुर्थीचा उपवास सध्या बंद. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं असतात ती फक्त दाण्याच्या कुटाची. गोड जपून, गॅस्ट्रिक बायपास (जठराचा बराच भाग वगळून अन्न थेट आतड्यात नेणारं ऑपरेशन) झालेल्यांनी तर जास्तच. साखर आतड्यात झपाट्याने उतरली की घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात कळा येतात.

(दृश्य: उपवन तलाव, पहाट. मागे येऊरचे डोंगर)

चालणं ऑपरेशननंतर लगेच सुरू होतं. दुसऱ्या दिवशी ताई वॉर्डात फेऱ्या मारत होत्या. घरी आल्यावर सोसायटीचं आवार, मग उपवनचा काठ. महिना-दीड महिना वजन मात्र उचलायचं नाही, त्यात मंडईच्या पिशव्या आल्या, पाण्याच्या बादल्याही आल्या. ती कामं तेवढे दिवस यजमानांकडे गेली आणि, आमच्या मते, तिथेच राहायला हरकत नव्हती.

(दृश्य: गच्ची. खुर्ची, रबरी पट्टा)

नुसतं चालून भागत नाही. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हा व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून उठणं, पट्टा ताणणं, भिंतीला हात लावून जोर. आठवड्यातून दोन-तीनदा. येऊरच्या चढावर आमचा कॅमेरामन दोनदा थांबला, ताई पुढे निघून गेल्या.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळाले. ते बहुतेकांचे परत येतात. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर, आणि सवयी सुटल्या तर वजनही परत येतं.

(दृश्य: घर, साड्यांची घडी)

रविवारी डोंबिवलीला भाचीचं लग्न आहे. पंगतीत आग्रह होणार, मठ्ठा येणार, जिलबी येणार. ताई घरून पनीर खाऊन निघणार आहेत. त्यांच्या वाटच्या जिलबीवर यजमानांनी आधीच हक्क सांगितलाय.

(श्रेयनामावली)