सनूक आणि टांगलेला टायर

नमस्कार श्रोतेहो.

आज मला सनूकबद्दल बोलायचंय. २०१३ साली तुमच्यापैकी जे मेलबर्नला होते आणि ज्यांच्या घरात तेव्हा लहान मूल होतं, त्यांना नाव ऐकताच तो आठवेल. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्या वर्षी जानेवारीत जन्मलेलं हत्तीचं पिल्लू. त्याची आई नुम-ओई २००६ साली थायलंडहून आली. येताना हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर तिला विलगीकरणात राहावं लागलं होतं. आईचं गाव थायलंडचं, म्हणून लेकराचं नावही थाई. सनूक म्हणजे मौज, मजा.

माझी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. बाबागाडी ढकलत आम्ही प्राणिसंग्रहालय आहे त्या रॉयल पार्कला जायचो आणि हत्तींच्या कुंपणापाशी रेंगाळायचो. हत्तीच्या पिल्लाला सोंड जन्मतःच मिळते, पण ती चालवायला शिकण्यात कित्येक महिने जातात. तिच्यात एकही हाड नाही, नुसते हजारो स्नायू. मग कधी स्वतःच्याच सोंडेवर पाय पडतो, कधी बाळानं अंगठा चोखावा तशी सोंड तोंडात जाते. समोर दिसेल ते हुंगायचं, ओढायचं, त्यात डोकं खुपसायचं, हेच त्याचं शिक्षण. माझी मुलगी घरी वेगळं काय करत होती?

डिसेंबरात एका सकाळी कर्मचारी हत्तींच्या निवाऱ्यात गेले, तेव्हा सनूक मेलेला होता. रात्री कधीतरी खेळताना टांगलेल्या टायरमध्ये त्याचं डोकं अडकलं होतं. अकरा महिन्यांचा होता तो.

तो टायर तिथे खेळण्यासाठीच लावलेला होता, हे मला आजही टोचतं. जंगलातला हत्ती दिवसाचे पंधरा-सोळा तास खाणं शोधण्यात घालवतो. आवारातल्या हत्तीला चारा पुढ्यात मिळतो, आणि मग एवढं हुशार जनावर कंटाळतं, एकाच जागी डोलत राहतं. म्हणून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांना ओंडके, दोर, उंच बांधलेला चारा, जुने टायर देतात. म्हणजे टायर मायेनंच टांगलेला.

त्या आठवड्यात मला माझी आजी सारखी आठवत होती. आमच्याकडे बाळाला साडीच्या झोळीत झोपवायचे. आजी रोज संध्याकाळी गाठ ओढून बघायची. आणि मूल उठून बसायला लागलं, की दुसऱ्या दिवशी झोळी उतरवलेली असायची. कुणी म्हणालं, "अजून छान झोपतंय की तिच्यात," तर ती म्हणायची, "झोळी तीच आहे गं, पोर कालचं राहिलं नाही." सनूकच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते अंधारात घडलं. पण मला वाटतं, अकरा महिन्यांचं पिल्लू म्हणजे रोज माप बदलणारं अंग. ज्या वर्तुळातून एक दिवस डोकं सहज आत-बाहेर होतं, तिथे काही आठवड्यांनी कपाळ आत जातं आणि कानामागचा भाग मागे येऊ देत नाही. मोठी हत्तीण त्या टायरला नुसती ढकलून खेळेल. पिल्लाची उंची, पिल्लाचं डोकं आणि पिल्लाचं कुतूहल घेऊन त्या निवाऱ्यात कुणीतरी रोज फिरायला हवं होतं.

हत्ती प्राणिसंग्रहालयात असावेतच का, हा प्रश्न तेव्हाही निघाला. तो योग्यच आहे. पण जंगलात असता तर वाचला असता, असं मी म्हणणार नाही. आसामात आणि उत्तर बंगालात पिल्लं रेल्वेखाली सापडतात, शेताच्या वीजभारित तारांना चिकटतात. फरक एवढाच, की या आवारातली प्रत्येक वस्तू माणसानं निवडून ठेवलेली असते. तिथे अपघात झाला, की तो आपल्याच हातून झालेला असतो.

आणि आई? हत्तीण जवळजवळ बावीस महिने गर्भ वाहते. उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांत कळपांनी मेलेली पिल्लं पाण्याच्या चरांत ठेवून मातीनं झाकल्याच्या पाच घटनांची नोंद २०२४ साली प्रसिद्ध झाली. सगळी पिल्लं तीन ते बारा महिन्यांची, म्हणजे सनूकच्याच वयाची. पाय वर, बाकीचं अंग मातीखाली. हे वाचल्यावर नुम-ओईची ती सकाळ कशी गेली असेल, हा विचार मनातून हटवणं मला जमलेलं नाही.

२०२२च्या नोव्हेंबरात नुम-ओईला मुलगी झाली. २०२५च्या फेब्रुवारीत नऊ हत्तींचा अख्खा कळप शहरातून मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या मोकळ्या प्राणिसंग्रहालयात हलवला. जुन्या जागेच्या कितीतरी पट मोठी जागा आहे ती. माझी लेक आता तेरा वर्षांची. तिला सनूक आठवत नाही, तिच्यासाठी तो एका फोटोतला हत्ती आहे. वेरिबीला गेलो तेव्हा ती कुंपणाला रेलून नुम-ओईच्या लेकीला शोधत होती. मी आधी वर पाहिलं. काय काय टांगलंय, आणि किती उंचीवर.