भुताला आवाज कोण देतो

(देसाईगंज तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाने भरवलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

या मालेत आतापर्यंत धानावरील कीड, संतसाहित्य आणि स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर जाणकार बोलून गेले आहेत. आज भयपटांवर बोलायला नाटकात ऑर्गन वाजवणारा माणूस उभा केला आहे, याचे काही जणांना नवल वाटले असेल. भयपट, भयमालिका आणि भीती घालणारे संगीत यांचा मी लहानपणापासून शौकीन आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र साथ करताना प्रेक्षक नेमका कोणत्या क्षणी घाबरतो, हे आम्हा साथीदारांना अगदी जवळून दिसते. ते पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. भयपट आपण डोळ्यांनी पाहत असलो तरी त्यातली भीती कानावाटे आत येते, आणि तिची पारख करायला जंगलाकाठच्या माणसाइतके तयार कान दुसऱ्या कोणाचे नाहीत.

पहिले उदाहरण आपल्याकडचेच घेतो. 1949 साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. दिग्दर्शन कमाल अमरोही यांचे, भूमिका अशोक कुमार आणि मधुबाला यांच्या आणि संगीत खेमचंद प्रकाश यांचे. ओसाड हवेलीत रात्री कोणी तरी गाते आणि नायक त्या आवाजाचा माग काढत फिरतो, असा त्यातला प्रसंग आहे. तो आवाज दुरून येतो आहे असे वाटावे म्हणून लता मंगेशकर यांना मायक्रोफोनपासून लांब उभे केले आणि गात गात एकेक पाऊल जवळ यायला सांगितले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. तबकडीवर मात्र गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले, आणि रेडिओवर गाणे लागले की श्रोते ही गाणारी कोण, अशी विचारणा करू लागले. गाणारी सापडत नाही ही सिनेमातली गोष्ट सिनेमाबाहेरही काही काळ खरी ठरली. त्या गाण्यात किंकाळी नाही, गडगडाट नाही. आवाजाचे अंतर तेवढे बदलते. अंधारात कोणी चालत येत असेल तर ते किती लांब आहे, हे आपण असेच अंतरावरून ताडतो, म्हणून ते गाणे आजही अंगावर काटा आणते.

अंतराइतकेच महत्त्व शांततेला आहे. 1942 साली हॉलिवूडमध्ये 'कॅट पीपल' नावाचा बेताच्या खर्चाचा चित्रपट झाला. निर्माते वॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी त्यात हिंस्र जनावर फारसे दाखवलेच नाही. एक बाई रात्री भिंतीच्या कडेने चालली आहे आणि तिच्यामागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो आहे, एवढेच आपल्याला ऐकू येते. थोड्या वेळाने तो मागचा आवाज थांबतो. पुढे चालणारी बाई कावरीबावरी होऊन पावले उचलते, आणि एकदम कानाशी फिस्स असा मोठा आवाज होतो. ती असते थांब्यावर येऊन उभी राहिलेली बस. सिनेमाच्या धंद्यात अशा फसव्या दचक्याला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पण माझ्या मते त्या प्रसंगाचा जीव बसमध्ये नाही. टाचांचा आवाज थांबल्यानंतर जो रिकामा वेळ जातो, त्यात आहे.

ही गोष्ट रात्री शेत राखायला जागलीला बसणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. धान लोंबीवर आले की रानडुकरांपायी रात्र बांधीच्या धुऱ्यावर काढावी लागते, आणि तेथे टॉर्चपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. रातकिडे किरकिरत आहेत तोवर माणूस निवांत बिडी ओढतो. जवळचे रातकिडे एकाएकी गप्प झाले की त्याचा हात काठीकडे जातो. सिनेमातला वाघ प्रत्येक वेळी डरकाळी फोडून येतो, त्यामुळे आमच्या भागातले लोक त्याला हसतात. खरा वाघ मुकाट्याने येतो आणि तो आल्याची वर्दी चितळ किंवा झाडावरचे वानर देते. मागे एका नाटकात मी भुताच्या प्रवेशाला मुद्दाम काहीच वाजवले नाही, तेव्हा प्रयोगानंतर एक म्हातारे शेतकरी विंगेत येऊन मला म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी बंद झाली ना, तवाच मले भेव लागलं." भयसंगीतावर याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

आता वाजवण्याकडे येतो, कारण तो माझा धंदा आहे. 1960 सालच्या 'सायको'मध्ये न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे मत होते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तरीही ते लिहिले, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी ते ठेवले. संपूर्ण चित्रपटात तंतुवाद्यांखेरीज दुसरे वाद्य नाही. त्या प्रसंगात व्हायोलिनवर गज असे ओढले आहेत की सूर आणि किंकाळी यांतला फरकच राहत नाही.

जॉन कार्पेंटर यांच्या 1978 सालच्या 'हॅलोविन'ची गोष्ट याहून मजेची आहे. संगीत घालण्याआधी तो चित्रपट एका स्टुडिओतील बाईंना दाखवला, तर त्या मुळीच घाबरल्या नाहीत. मग कार्पेंटर यांनी स्वतःच पियानोवर एक छोटी धून बसवली. आपल्या तबलजींना मी ती ऐकवली तेव्हा ते बोटांवर मोजू लागले आणि म्हणाले, हा तर दहा मात्रांचा हिशेब आहे. खरोखरच आहे. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो. ही धून तीन-तीन-दोन-दोन अशी चालते. चार-चारच्या चालीची सवय असलेल्या कानाला समेवर पाय टेकायला जावे आणि पायरीच नसावी, तसे होते. पाठलाग करणारा मुखवटेवाला पडद्यावर नसतानाही तो चालतोच आहे असे जे वाटत राहते, ते या मोडक्या चालीमुळे.

ब्लॅक सॅबथ या बँडचा येथे उल्लेख केला नाही तर माझा पुतण्या मला घरात घेणार नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली ही कामगारांची पोरे. त्यांच्या सरावाच्या जागेसमोर चित्रपटगृह होते, आणि तेथे भयपटाला लागलेली रांग पाहून त्यांना वाटले, लोक घाबरायला पैसे मोजतात तर घाबरवणारी गाणी का करू नयेत? त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याने पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात दोन बोटांची टोके गमावलेली होती; प्लास्टिकची टोपणे करून ती बोटांवर चढवून तो वाजवत असे. फेब्रुवारी 1970 मध्ये त्यांची पहिली तबकडी आली. तिच्या आरंभी पाऊस पडतो, लांबवर घंटा वाजते, आणि मग गिटारवर तीन स्वर येतात: सा, वरचा सा, आणि त्यानंतर तीव्र मध्यम. एवढ्या तीन स्वरांवर पुढे हेवी मेटल नावाचे एक मोठे घराणे उभे राहिले असे म्हणतात, आणि मला ते पटते.

हे ऐकून एका भजनी मंडळातल्या बुवांनी मला अडवले होते. तीव्र मध्यम आमच्याकडे मारव्यात आहे, पुरियात आहे, तोडीत आहे. तेथे आम्हाला भूत दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो बिनतोड होता. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले अंतर दोन्हीकडे तेच. मारवा सूर्यास्ताच्या वेळी गातात तेव्हा त्या स्वराने जीव कासावीस होतो, पण कोणी उठून पळत नाही. मला वाटते, याचे कारण आलापात आहे. गवई त्या स्वरापर्यंत आपल्याला हाताला धरून नेतो, तेथे थांबवतो आणि परत आणतो. भयसंगीत त्या स्वरावर नेऊन सोडून देते. नाटकात मी नेमके हेच करतो. डाव्या हाताने खर्जातला सा धरतो, उजव्या हाताने तीव्र मध्यम जेमतेम स्पर्शतो, आणि मग भात्यावरचा पाय उचलतो. हवा संपत जाते तसा तो स्वर आपोआप क्षीण होत विझतो, आणि पंचम कधी येईल याची वाट पाहणारी माणसे तशीच ताटकळत राहतात. विजेवरच्या कीबोर्डवर हे जमत नाही. तरुण वादकांनी मला जुनाट म्हटले तरी हरकत नाही.

रामसे बंधूंबद्दल लोक मला हटकून विचारतात. 1972 सालचा 'दो गज जमीन के नीचे', 1984 सालचा 'पुराना मंदिर' हे त्यांचे चित्रपट मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांनी जास्त पाहिले, आणि भाड्याचा व्हिडिओ आणून रात्रभर चार-चार पिक्चर पाहण्याच्या दिवसांत आमच्या गल्लीत त्यांच्यावाचून रात्र पुरी होत नसे. दाराच्या कुरकुरण्याची आणि धुराची त्यांना उत्तम जाण होती. गोष्टीची फारशी नव्हती. पुढे 1993 मध्ये त्यांचा 'झी हॉरर शो' आणि 1995 मध्ये सोनीवर 'आहट' आली, तेव्हा शीर्षकसंगीत लागताच घरोघरी पोट्टे पांघरुणात शिरत. राम गोपाल वर्मा यांनी 2003 साली 'भूत'मध्ये एकही गाणे घातले नाही, हे त्या काळी धाडसच होते. अलीकडच्या पुष्कळ चित्रपटांत मात्र दर पाच मिनिटांनी कानठळ्या बसवणारा धडाका असतो. त्याने माणूस दचकतो, पण दचकणे हे फटाक्यानेही होते.

आता एक गंभीर प्रश्न. भुताखेतांचे सिनेमे दाखवून तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालता, असे मला याच गावात विचारले गेले आहे. ज्या विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून आजही माणसांना मारहाण होते आणि ज्या राज्याला त्याविरुद्ध 2013 साली वेगळा कायदा करावा लागला, तेथे हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. 'बीस साल बाद', 'वो कौन थी' या जुन्या हिंदी चित्रपटांत शेवटी भुतामागे माणूसच निघतो, हे उत्तर सोपे आहे, परंतु अपुरे आहे. रामसेंच्या चित्रपटांत भूत भूतच असते आणि तेही मला आवडतात. माझा अनुभव असा की भीती कशी घडवतात हे ज्याला ठाऊक झाले, तो भगतापुढे बसला तरी त्याचे लक्ष धुपाच्या धुराकडे, मंद केलेल्या दिव्याकडे आणि डफाच्या वाढत जाणाऱ्या लयीकडे जाते, कारण ही सारी सामग्री त्याच्या ओळखीची असते. शिवाय नाटकातले भूत करणाऱ्या नटाचे नाव फलकावर असते आणि पहाटे तो आमच्याबरोबर चहा पितो. भगत मात्र गावातल्या एखाद्या एकट्या बाईचे नाव घेतो, आणि तिची सुटका पडदा पडून होत नाही. त्यामुळे घाबरण्याची हौस असलेल्याने तिकीट काढून घाबरावे, आणि कोणी फुकटात घाबरवू लागला तर त्याचे वाद्य कुठे ठेवले आहे ते आधी पाहावे.

शेवटी एक तक्रार करतो. मराठी भयाने कोकणात बिऱ्हाड केले आहे. 2016 सालची 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका कोकणातली. 2018 सालचा 'तुंबाड' तर इतका पावसात भिजलेला की पाऊस हेच त्यातले एक पात्र. दोन्ही मला मनापासून आवडतात. 2017 सालच्या 'लपाछपी'ने उसाच्या फडात दिवसाढवळ्या घाबरवून दाखवले, त्याचेही मला कौतुक आहे. पण आपल्या भागाच्या भयाकडे कोणी कॅमेरा वळवलेला नाही, आणि ते भय पावसाचे नाही, रात्रीचेही नाही. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर असताना भर बाराला नाल्यावर एकटे जाऊ नको, असे आपल्या आज्या सांगत असत. त्या वेळी गावात कुत्रेही भुंकत नाही. सावली पायाखाली गेलेली असते. सागाची पाने वाळून जंगलभर पापडासारखी पसरलेली असतात, आणि त्यांवरून नुसता सरडा पळाला तरी माणूस चालत गेल्यासारखे वाटते. आपण थांबलो की तोही आवाज थांबतो. अंधार नाही, धूर नाही, कुरकुरणारे दार नाही. लख्ख उजेडात ऐकू येते पण दिसत नाही. ज्या पोरांच्या हाती आज मोबाईल आहे, त्यांनी त्याचा कॅमेरा क्षणभर बाजूला ठेवावा आणि पुढच्या उन्हाळ्यात आधी हे आवाज ध्वनिमुद्रित करून आणावेत. नाटकासाठी मला ते हवेच आहेत, आणि त्यांतून कोणी दहा मिनिटांचा चित्रपट केला तर साथीला मी पैसे न घेता बसेन.

वाचनालयाच्या वतीने आज रात्री साडेनऊ वाजता शाळेच्या पटांगणात 'महल' दाखवणार आहोत, म्हणून त्याचा शेवट मी मघाशी सांगितला नाही. दोन्ही स्पीकर पडद्याशेजारी न लावता एक मागे आंब्याखाली लावायला मी मंडपवाल्याला सांगितले आहे. ज्यांची आज जागल आहे त्यांनी गाणे ऐकून जायला हरकत नाही. ते सुरुवातीलाच आहे. धन्यवाद.